भारतातील परकीय व्यापारविषयक कायदे

परदेशांशी होणारा व्यापार हा राज्यघटनेच्या संघसूचीतला (नोंद ४१) विषय असल्याने त्यावर कायदे करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. मालाची आयात-निर्यात परकीय व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ नुसार चालते. तिच्यावरील कर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ आणि सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ यांखाली आकारला जातो. पैशाची देवघेव परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ म्हणजे ‘फेमा’ पाहतो. आधीच्या ‘फेरा’ (१९७३) कायद्यात चलनविषयक उल्लंघन फौजदारी गुन्हा ठरत असे. फेमाखाली ते मुख्यतः दंडावर निभावते.

आयात-निर्यातीवरील नियंत्रणाचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील निर्बंधांत आहे. युद्ध संपले तरी १९४७ च्या आयात व निर्यात (नियंत्रण) अधिनियमाने ते चालू ठेवले आणि पुढची चार दशके बहुतेक आयात परवान्याशिवाय होत नसे. १९९१ च्या परकीय चलन संकटाने ही व्यवस्था मोडली. १९९२ च्या कायद्याने सूत्र उलटवले : मनाई नसेल ते खुले. तरीही अनेक ग्राहकोपयोगी वस्तूंवरची संख्यात्मक बंधने (किती माल आणता येईल यावरच्या मर्यादा) टिकून होती. जागतिक व्यापार संघटनेत याच बंधनांवरून अमेरिकेशी झालेला तंटा भारत १९९९ मध्ये हरला, त्यानंतर उरलेल्या ७१५ वस्तू १ एप्रिल २००१ पासून खुल्या झाल्या.

१९९२ चा कायदा आकाराने लहान आहे, पण त्याची खरी ताकद कलम ३ व ५ मध्ये आहे. कलम ३ खाली केंद्र सरकार राजपत्रात आदेश काढून कोणत्याही मालाची आयात वा निर्यात रोखू शकते; असा माल सीमाशुल्क कायद्यानेही निषिद्ध ठरतो व कस्टम्सला तो अडवता येतो. कलम ५ खाली परकीय व्यापार धोरण जाहीर होते; सध्याचे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून त्याला शेवटची तारीख नाही. अंमलबजावणी परकीय व्यापार महासंचालनालय करते. व्यापाऱ्याला त्याच्याकडून आयात-निर्यात संकेतांक (आयईसी) घ्यावा लागतो.

हे अधिकार प्रत्यक्षात कसे वापरले जातात ते कांद्याइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. ते सीमाशुल्क कायद्याखाली, अर्थ मंत्रालयाकडून. डिसेंबरमध्ये महासंचालनालयाच्या अधिसूचनेने निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्याची अट आली. ती सप्टेंबरात गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर उतरले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. यांतल्या एकाही पावलासाठी संसदेत नवा कायदा करावा लागला नाही. शहरी ग्राहकाला महागाईपासून वाचवणे हा हेतू रास्त असला, तरी कांदाचाळीत माल साठवून बसलेल्या शेतकऱ्याला व परदेशी खरेदीदाराला शब्द दिलेल्या निर्यातदाराला सावरायला वेळ मिळत नाही, हा या रचनेतला गंभीर दोष आहे.

या अधिकाराला काही मर्यादा आहेत. धोरणातील बदल पूर्वलक्षी प्रभावाने लादता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कनक एक्सपोर्ट्स प्रकरणात (२०१५) स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये धोरण बदलण्याआधी संबंधितांची मते मागवण्याची तरतूद धोरणातच घालण्यात आली. मात्र गरज वाटल्यास सल्लामसलतीविना निर्णय घेण्याची मुभा सरकारने स्वतःकडे राखली आहे.