मदतीचा ट्रक आणि तुमचा गाळा: मांडणीबद्दल थोडं बोलू

रबाळे, महापे, तुर्भे आणि वागळे इस्टेटमधल्या आमच्या कस्टमर्ससाठी हे पत्रक काढलंय, कारण लेआउटच्या कामाला गेलो की प्रत्येक जण विचारतो की पूरग्रस्तांच्या मदतीचं आमच्या धंद्याशी काय घेणंदेणं. आमचं काम तसं साधं आहे, गोडाऊन आणि कामाची जागा लावून देणं, आणि पावसाळ्यात मदतीचं सामान पॅक करणाऱ्यांनाही आम्ही जागा लावून देतो. दोन्हीकडे अडतं एकाच ठिकाणी, माल असतो पण पाहिजे तो पाहिजे तेव्हा हाताला लागत नाही.

2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टणमकडे जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग रस्त्याच्या कडेला पडलेले, कोणालाच नको होते, आणि ते हलवायला परत माणसं लावावी लागली. देणाऱ्यांची नियत चांगलीच होती हो, पण काय लागतंय हे आधी विचारलं कोणी? मदतीच्या कामात सुरुवातीचे दिवस अंदाजाने माल ढकलावा लागतो कारण माहितीच नसते, पण त्यानंतर तिकडून मागणी येईल तसाच पाठवायचा असतो. आता तुमच्या गाळ्यात बघा, सप्लायरने स्कीम दिली म्हणून घेतलेले खोके शटरच्या तोंडाशी आणि रोज जाणारा माल पार मागे माळ्यावर. म्हणजे माल आला तसा लागला, जाणार कसा याचा विचारच नाही. आमचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं, जागा लावायची ती जाणाऱ्या मालाकडे बघून.

पाण्याचं एक गणित सांगतो म्हणजे वजन का मोजायचं ते कळेल. स्फिअर नावाचे मदतकार्याचे जे जागतिक निकष आहेत त्यात माणशी दिवसाला कमीत कमी 15 लिटर पाणी धरतात. 500 कुटुंबं, घरटी 5 माणसं धरली तर रोजचे 37,500 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर. हेच बाटल्यांच्या बॉक्सने पाठवायला निघालात तर साडेसदतीस टन माल रोज चढवा आणि उतरवा, आणि हमालांची पाठ गेली ते वेगळंच. त्यामुळे मोठ्या कामात टँकर आणि टाक्या लावतात, बाटल्या फक्त सुरुवातीला. तुमच्याकडेही दिवसाकाठी किती किलो हाताने उचललं जातं ते एकदा लिहून बघा, बिलात न दिसणारा खर्च तिथे असतो.

आता मुख्य गोष्ट, पॅकिंगची लाइन. मदतीचं किट म्हणजे तांदूळ, डाळ, तेल, साबण, चादर, मेणबत्त्या वगैरे एका घराला पुरेल असं एका पिशवीत. नवखे लोक काय करतात, सगळं सामान मधे ओततात आणि पंधरा-वीस जण भोवती फिरत पिशव्या भरतात, एकमेकांना धडकतात, कोणाच्या पिशवीत दोन साबण आणि कोणाच्यात तेलच नाही. आम्ही टेबलं यू आकारात लावतो, कमरेच्या उंचीची, माणूस जागचा हलत नाही आणि पिशवी सरकत जाते, जड वस्तू पहिली म्हणजे ती तळाला बसते आणि चादर शेवटी, आणि शेवटच्या टेबलावर वजनकाटा. वजन कमी भरलं की काहीतरी राहिलंय, पिशवी उघडून मोजत बसायची गरज नाही (मेणबत्तीसारखी हलकी वस्तू काट्यावर कळत नाही, ती डोळ्यानेच बघा). हीच लाइन आम्ही स्पेअर पार्ट, दिवाळी गिफ्ट बॉक्स, ऑनलाइन ऑर्डरी, सगळ्याला लावली आणि चालते.

लेबलचंही तसंच. पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशनची जुनी पद्धत आहे, खाण्याचा माल लाल, औषधं आणि वैद्यकीय सामान हिरवं, कपडे आणि घरगुती वस्तू निळ्या, म्हणजे वाचता न येणारा माणूसही खोका बरोबर ढिगात टाकतो. तुमच्या गाळ्यात बिहारचा, ओडिशाचा, जालन्याचा मुलगा काम करतो, त्याला इंग्रजी कोड पाठ करायला लावण्यापेक्षा तीन रंगांच्या टेप आणा. सॉफ्टवेअर नंतर घ्या, आमचं मत स्पष्ट आहे, पसाऱ्यावर सॉफ्टवेअर टाकलं की पसारा फक्त स्क्रीनवर दिसायला लागतो.

एमआयडीसीच्या गाळ्याला बहुतेक एकच शटर असतं, त्यामुळे एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर हे पुस्तकातलं इथे जमत नाही. मग वेळ वाटून घ्यायची, सकाळी इनवर्ड आणि जेवणानंतर डिस्पॅच, आणि शटरजवळ जमिनीवर पिवळा पट्टा मारून तेवढी जागा कायम मोकळी ठेवायची, तिथे मालकाची बाइकसुद्धा नाही. टेम्पो भरताना जो माल पहिला उतरणार तो शेवटी चढवा, ऐकायला सोपं वाटतं पण घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून पोचल्यावर भर रस्त्यात अर्धा टेम्पो उपसत बसलेली पोरं रोज दिसतात.

पावसाचं थोडक्यात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे, पण नवी मुंबईचा काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे आणि म्हणून सिडकोने होल्डिंग पाँड, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून धरणारे तलाव, बांधलेत, हे गाळा घेताना कोणी विचारात घेत नाही. भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाण्याला बाहेर जायला वाटच नसते. म्हणून खालच्या फळीवर पुठ्ठ्याचे खोके नकोत, प्लास्टिक आणि लोखंड चालेल, इलेक्ट्रिकचा डीबी (स्विच-फ्यूजचा मुख्य बॉक्स) आणि यूपीएस छातीच्या उंचीला घ्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू हायवे काही दिवस बंद होता, मुंबई-ठाण्याला दुधाची चणचण झाली, तेव्हा एकाच रस्त्याने किंवा एकाच सप्लायरकडून येणारा माल तुमच्याकडे कोणता आहे त्याची यादी करा आणि जूनच्या आधी तेवढाच जास्त भरा, सगळा नको.

आम्हाला बोलवायचं तर मे महिना बरा, पावसात रॅक हलवणं कटकटीचं होतं. मागच्या तीन महिन्यांचं डिस्पॅच रजिस्टर काढून ठेवा आणि तुमच्या सगळ्यात जुन्या हमालाला हजर ठेवा, त्याला विचारल्याशिवाय आम्ही एकही रॅक हलवत नाही. साफसफाई मात्र करून ठेवू नका प्लीज, रोजचा पसारा तसाच दिसला तर काम लवकर होतं. आणि शनिवारी दुपारनंतर आलो तर चालेल का ते आधी कळवा, चालू डिस्पॅचमध्ये मोजायची टेप घेऊन फिरलो की तुमचीच माणसं वैतागतात.