एका अक्षराचा बिघाड आणि औषधाला मिळालेली खुंटी

निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखूवर कितीतरी घरांची चूल पेटते. त्याच तंबाखूच्या धुरातले बेंझोपायरीन शरीरात रूप बदलून डीएनएमधल्या ‘जी’ या अक्षराला चिकटते, आणि पेशी नक्कल काढताना तिथे ‘टी’ लिहून बसते. के-रास जनुकात बाराव्या जागी ‘जीजीटी’चे असे ‘टीजीटी’ झाले की प्रथिनात ग्लायसिनऐवजी सिस्टीन येते. या बदलाचे नाव जी-१२-सी, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगात तो आढळतो.

के-रास हे पेशीच्या वाढीचे बटण. जीटीपीचा रेणू बसला की चालू, तो तुटून जीडीपी झाला की बंद. बिघडलेले बटण बराच वेळ चालूच राहते. तीस वर्षांहून अधिक काळ त्यावर औषध सापडेना, कारण जीटीपी त्याला विलक्षण घट्ट धरून बसतो आणि बाकीचा पृष्ठभाग गुळगुळीत, औषधाला पकडायला जागाच नाही. २०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतील प्रयोगशाळेला बंद अवस्थेतल्या प्रथिनात एक खोबण दिसली. शेजारीच त्या सिस्टीनमधले गंधक. औषध खोबणीत शिरते, गंधकाशी कायमचे जोडले जाते आणि बटण बंदच राहते. निरोगी के-रासमध्ये त्या जागी सिस्टीन नसते, म्हणून ते वाचते. आजाराने केलेली खूणच औषधाची खुंटी झाली, ही मला या शोधातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मे २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले सोटोरासिब असेच चालते. रोज एकदा ९६० मिलिग्रॅम. ते विरघळायला पोटात आम्ल लागते. आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर ॲसिडिटीची गोळी घ्यायची सवय घरोघरी आहे, पण ओमेप्राझोलसारखी गोळी सोबत असली तर औषध रक्तात निम्म्याच्या आसपासच पोचते. अगदीच गरज असेल तर साधे अँटासिड चालते, मात्र सोटोरासिब त्याच्या ४ तास आधी किंवा १० तास नंतर घ्यावे, तेही डॉक्टरांना विचारून.

तरीही गाठ वाट काढते. मोठ्या चाचणीत आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ ५.६ महिने होता, डोसिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधावर ४.५. के-रासच्या प्रती वाढतात, खोबणीचा आकार बदलतो किंवा मेटसारखे दुसरे जनुक वाढीचा हुकूम देऊ लागते. ईजीएफआर या कर्करोगाशी जोडलेल्या दुसऱ्या जनुकातही हेच घडते. त्यावरचे औषध ओसिमर्टिनिब प्रथिनातल्या ७९७ व्या जागच्या सिस्टीनला धरते. तिथे सेरीन आले की गंधक गेले आणि खुंटीच मोडली.

म्हणून औषध लागू पडेनासे झाले की तपासणी पुन्हा करायची. ती रक्तावरूनही होते, पण रक्तात गाठीचा डीएनए अगदी थोडा असतो. खानापुरात काढलेले रक्त जांभळ्या टोपणाच्या साध्या नळीतून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले, तर वाटेत पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या निरोगी डीएनएत तो थेंब बुडून जातो. पेशी टिकवणारी खास नळी मागावी, भरल्यावर ८-१० वेळा हळुवार उलटी-सुलटी करावी आणि थंडीने बर्फासारखी गोठू देऊ नये. अहवालात ‘काही आढळले नाही’ आले तरी गाठीचा तुकडा तपासायला हवा. काही वेळा गाठीची जातच बदलून स्मॉल सेल या वेगळ्या प्रकारचा कर्करोग झालेला असतो, आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.