माकडताप सत्तरीत कसा पोचला

२०१५ साली सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात तापाची साथ आली आणि तपासणीअंती तो माकडताप निघाला, तेव्हा गोव्यातल्या बहुतेकांनी या रोगाचे नाव पहिल्यांदाच ऐकले. पुढच्या वर्षी सत्तरीतल्याच म्हाऊस भागात रुग्ण सापडले. त्याच वर्षी सीमेपलीकडे, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावातही ताप पोचला. गावोगाव तेव्हा एकच सूर होता: माकडांनी रोग आणला, माकडांचा बंदोबस्त करा. काजूचा हंगाम आला की आजही हे कानावर येते. या रोगाचा मागचा इतिहास पाहिला तर माकडावरचा हा ठपका टिकत नाही.

त्यासाठी १९५७ च्या मार्च महिन्यात जावे लागते. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि जवळच्या गावांत माणसे तापाने फणफणू लागली. पुण्यात १९५२ पासून रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने विषाणू संशोधन केंद्र चालू होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. माकडे आणि माणसे एकाच वेळी मरतात म्हटल्यावर तिथल्या शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा आला, कारण दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराची चाल अशीच असते. पीतज्वर भारतात कधी आलेला नाही, पण तो पसरवणारा डास इथे घरोघरी आहे. टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या आणि मेलेल्या माकडांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे जवळचे नाते निघाले रशियाच्या जंगलांत गोचिडीमुळे पसरणाऱ्या मेंदूज्वराशी. मग शोध डासांवरून गोचिडींकडे वळला आणि हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही जंगलातली गोचीड मुख्य वाहक ठरली.

या गोचिडीचे वर्षभराचे चक्र समजले की सत्तरीचे कोडेही बरेचसे सुटते. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्याच्या सुमारास गुरांच्या किंवा जंगलातल्या मोठ्या जनावरांच्या अंगावर पोट भरते, गळून पडते आणि पाचोळ्यात अंडी घालते. पाऊस सरल्यावर त्यातून डिंभ, म्हणजे गोचिडीची पहिली, अगदी बारीक अवस्था, निघतात आणि उंदीर, पक्षी, माकडे, जो मिळेल त्याला चिकटतात. ज्याच्या रक्तात विषाणू असेल त्याचे रक्त प्यायलेला डिंभ कात टाकून पुढच्या अवस्थेत जातो, तेव्हा विषाणूही त्याच्याबरोबर जातो. ही पुढची अवस्था म्हणजे तिळाएवढे पिल्लू. माणसाला चावते ते बहुतेक वेळा हेच, आणि त्याचा जोर असतो डिसेंबर ते मे. लाळेतल्या घटकांमुळे चावा फारसा दुखत नाही, त्यामुळे अनेकांना तो कळतही नाही.

आता गोव्याचे पंचांग याच्याशेजारी ठेवून पाहा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत काजूचा हंगाम. सत्तरीत काजूची बागायत आणि जंगल यांच्यामध्ये कुंपण नाही. म्हादई अभयारण्याच्या कडेच्या गावांत तर एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते ते सांगणेही कठीण. पहाटे डोंगरावर जायचे, वाकून पातेऱ्यातली बोंडे वेचायची, थकले की तिथेच झाडाखाली बसकण मारायची आणि बोंडांपासून बिया पिळून वेगळ्या करायच्या. गोचिडीचे पिल्लू असते ते याच पातेऱ्यात. गोव्यातल्या रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा काजू वेचणारे कामगारच प्रामुख्याने पुढे आले.

गोचिडीच्या लाळेबरोबर शरीरात शिरलेला विषाणू म्हणजे एक आरएनएचा धागा (विषाणूचा जनुकीय आराखडा), त्यावर प्रथिनांचे कवच आणि स्निग्ध आवरण. डेंग्यूचा विषाणू याच कुळातला. पेशीबाहेर असताना तो काहीच करू शकत नाही. आवरणावरचे प्रथिन पेशीला चिकटते आणि पेशी त्याला एका पिशवीत घेऊन आत ओढते. पिशवीतले वातावरण आम्ल होताच त्या प्रथिनाचा आकार बदलतो, विषाणूचे आवरण पिशवीच्या पडद्यात मिसळते आणि धागा पेशीद्रवात मोकळा होतो. पेशीची प्रथिने बनवणारी यंत्रणा तो धागा आपलाच समजून वाचते. त्यातून एक लांबलचक प्रथिन तयार होते, त्याचे तुकडे होतात, त्यांतले काही धाग्याच्या नकला काढतात, काही नवी कवचे बांधतात. नवे विषाणू बाहेर पडून शेजारच्या पेशी गाठतात.

चाव्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत थंडी वाजून एकदम ताप चढतो. कपाळ ठणकते, मान, कंबर आणि पोटऱ्या मोडून येतात, डोळे लाल होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घटतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. बरेच रुग्ण एक-दोन आठवड्यांत सावरतात. पण दहातल्या एक-दोघांना ताप उतरून बरे वाटू लागल्यावर तो पुन्हा येतो, आणि या वेळी मेंदूवर जातो: असह्य डोकेदुखी, कंप, भ्रम. मृत्यूचे प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के सांगितले जाते. विषाणूवर थेट लागू पडणारे औषध नाही. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही, ही एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे.

माकडाची अवस्था आपल्यापेक्षा वाईट. वानर आणि लाल तोंडाची माकडे या विषाणूने पटापट मरतात. मेलेले शरीर थंड पडू लागले की त्यावरच्या गोचिडी उतरतात आणि आसपासच्या जमिनीवर नव्या यजमानाची वाट पाहतात. मेलेल्या माकडाभोवतीची जागा म्हणूनच सगळ्यात धोक्याची. माकड मेलेले दिसले की त्याला हात न लावता कळवायचे आणि सभोवती कीटकनाशक भुकटी टाकायची, ही पद्धत यातूनच आली. माकडांना दगड मारून, हुसकावून काय साधते? आजारी माकड मरायला दुसऱ्या वाडीत जाते, एवढेच.

मग विषाणू जंगलाच्या कडेला येतो कसा? याचे सगळ्यात पटणारे उत्तर होर्खे बोशेल या कोलंबियन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडले. मायदेशी जंगली पीतज्वरावर काम करून ते या रोगाच्या अभ्यासासाठी इथे आले होते. त्यांचे म्हणणे असे की विषाणू जंगलात आधीपासून गुपचूप फिरत असावा. वस्ती वाढली, जंगल तुटून झुडपे माजली, गुरे आत चरायला गेली आणि गोचिडींना भरपूर रक्त मिळाले. गुरे स्वतः आजारी पडत नाहीत, विषाणूही फारसा पसरवत नाहीत, पण गोचिडींची संख्या वाढवतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी तालुक्यात याचा भयंकर पुरावा मिळाला. तिथे जंगल तोडले गेले होते काजूच्या लागवडीसाठी, आणि पाठोपाठ या रोगाची तोवरची सर्वांत मोठी साथ आली. गोव्यातल्या प्रत्येक काजू बागायतदाराला ही हकीकत ठाऊक असायला हवी असे मला मनापासून वाटते.

अनेक दशके हा कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांचा रोग मानला गेला. २०१२ मध्ये तो बंदीपूरला, मग निलगिरी आणि वायनाडला दिसला, आणि २०१५ मध्ये पालीत. सह्याद्रीचा डोंगर सलग आहे, त्याला राज्यांच्या सीमा नाहीत. शिवाय याच सुमारास पुण्याच्या संस्थेकडे पीसीआर चाचणी आली होती, त्यामुळे एरवी साधा ताप म्हणून सुटले असते असे रुग्णही ओळखता आले.

लशीची कथा मात्र क्लेशदायक आहे. १९९० पासून कर्नाटकात लस दिली जात होती. शिमोग्यातल्या अभ्यासात दोन डोसांनी ६२ टक्क्यांच्या आसपास आणि बूस्टरनंतर ८३ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसले. पण टोचणे दुखरे, डोस अनेक आणि बूस्टर पुन्हा पुन्हा, त्यामुळे लोक अर्ध्यावर सोडत. संरक्षण पुरेसे टिकत नाही म्हणून २०२२ मध्ये ती बंद झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सबरोबर नव्या लशीचे काम हाती घेतले आहे.

सध्या हाताशी आहे ते एवढेच: अंगभर कपडे, गोचिडींना दूर ठेवणारे, संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेले डेपा तेल, डोंगरावरून परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे धुणे. आणि ताप आलाच तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगणे की आपण काजूला गेलो होतो. कारण पीसीआरमध्ये विषाणू सापडतो तो तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत, नंतर रक्तातल्या प्रतिपिंडांवरून माग काढावा लागतो.