कोपऱ्यातला उंट

12 डिसेंबर 2024, सिंगापूर. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला 14वा आणि शेवटचा डाव. डी. गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांचे गुण समसमान. गुकेशकडे दोन प्यादी, डिंगकडे एक. शिवाय दोघांकडे एकेक हत्ती आणि एकाच रंगाच्या घरांवरून फिरणारा एकेक उंट. नीट खेळलं तर बरोबरी होणारी ही स्थिती. 55व्या खेळीला डिंगने हत्ती समोर नेऊन हत्तींची मारामारी मागितली आणि तिथेच डाव हातचा गेला.

हत्ती पटावरून गेल्यावर गुकेशने राजाच्या जोरावर आपला उंट मध्यावर आणला. डिंगचा उंट पार कोपऱ्यात होता. कोपऱ्यातून उंटाला एकच तिरकी रेघ मिळते आणि तीच आता अडली होती. उंटही मारले जाणार हे ठरलं. उरले राजे आणि तीन प्यादी, आणि गुकेशचं जास्तीचं प्यादं आता निर्णायक होतं. 58व्या खेळीनंतर डिंगने डाव सोडला.

जगज्जेत्याला हे दिसू नये? मला यात कच्चेपणा दिसत नाही. मुरलेल्या नजरेचीच ही दुसरी बाजू आहे. तरबेज खेळाडू सुटे मोहरे पाहत नाही, ओळखीच्या रचना पाहतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी 1973 साली दाखवलं, की खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद पाहून मास्टर ती नवख्यापेक्षा कितीतरी अचूक मांडतो. मोहरे वाटेल तसे विखुरले की हा फरक जवळपास मिटतो.

ओळख वाटही अडवते. बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे या संशोधकांनी 2008 मध्ये कसलेल्या खेळाडूंना एक स्थिती दिली. तिच्यात राजाला त्याच्याच मोहऱ्यांत कोंडून घोड्याने द्यायची प्रसिद्ध मात होती, आणि तिच्याहून कमी खेळ्यांची, पण अनोळखी मातही होती. खेळाडूंना पहिली मात लगेच दिसली. ‘आणखी छोटी शोधतोय’ असं ते मनापासून सांगत होते, पण नजर टिपणाऱ्या यंत्राने वेगळंच नोंदवलं: डोळे पुन्हा पुन्हा ओळखीची मात देणाऱ्या घरांवरच जात होते. ओळखीची मात शक्यच नाही अशी स्थिती दिल्यावर मात्र छोटी मात सापडू लागली.

डिंगच्या मनात त्या क्षणी नेमकं काय चाललं होतं, हे असा प्रयोग सांगू शकत नाही. पण ‘मोहरे कमी करा, बरोबरी पक्की होईल’ ही बचाव करणाऱ्याची जुनी, बहुतेक वेळा खरी ठरणारी वाट आहे. समोरच्यालाही ती चूक लगेच दिसली नव्हती. गुकेशनेच डावानंतर सांगितलं, की तो हत्ती न मारता दुसरीच खेळी करण्याच्या बेतात होता. मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या उंटाकडे गेलं.