पाठीवरच्या हवेचं वजन

अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरली, तर त्या हवेचं वजन किती होईल? जवळपास अडीच किलो. एरवी आपण हवेला वजनात धरतच नाही. पण मोटरबोट सोडून कयाकने, वल्हं मारत स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्याच्या, जागी जायचं ठरलं की हा हिशेब करावा लागतो.

यासाठी वापरतात ती कयाक म्हणजे चहूबाजूंनी बंद असलेलं पोकळ कवच. बसायचं त्याच्या पाठीवर. लाट अंगावर आली तरी पाणी आत साचत नाही. कोंडलेल्या हवेवर सगळा संसार तरंगतो. सिलिंडर मात्र आडवा, पक्का बांधलेला हवा. तो अंगावर चढवून बसलात तर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कयाक कलंडते. म्हणून सिलिंडर ज्याला जोडतात त्या फुगणाऱ्या जाकिटात थोडी हवा भरायची, ते सिलिंडरसकट दोरीला बांधून पाण्यात सोडायचं आणि मागून उतरून तिथेच अंगात घालायचं. पहिल्या खेपेला फजिती ठरलेली.

नांगर टाकायचा तो वाळूत, प्रवाळावर नाही. दगडासारखे दिसणारे गोलाकार प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर वाढले तरी पुष्कळ.

दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते. वर तासभर पुरली असती ती इथे अर्ध्या तासात संपते. शांतता असेल असं वाटतं, पण कानावर येते ती तळणीत काहीतरी तडतडल्यासारखी चुरचुर. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच वेळी पोचतो, म्हणून दिशाच कळत नाही.

ही चुरचुर बहुधा स्नॅपिंग श्रिम्प या बोटाएवढ्या कोळंबीची असते. तिची एक नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य. ती इतक्या वेगाने मिटते की पाण्याची चिळकांडी उडते आणि तिथे दाब घसरून एक बुडबुडा तयार होतो. नांगीची दोन टोकं आपटून आवाज होतो, असा पूर्वी समज होता. २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की आवाज होतो तो हा बुडबुडा फुटताना. त्या क्षणी त्याच्या आतलं तापमान हजारो अंशांवर जातं! भक्ष्य बधिर करायला एवढं पुरतं.

इंजिनाची घरघर मुख्यतः कमी कंपनसंख्येची, आणि बहुतेक माशांची श्रवणशक्ती नेमकी तिथेच. कयाकने गेल्याचा खरा फायदा हा. पण मासे बुजणारच नाहीत असं समजू नका. ज्यातून आपण श्वास घेतो त्या तोंडातल्या रेग्युलेटरचे बुडबुडेही चांगलेच गोंगाट करतात. श्वास संथ ठेवला की मासे थोडे जवळ येतात.

आता परतीचं. आधी प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर तोच प्रवाह कयाकपाशी आणतो. हवा संपत आली की ॲल्युमिनियमचा सिलिंडर तरंगू पाहतो. ते अडीच किलो कमी झालेले असतात. बुडण्यासाठी कमरेला बांधायचं वजन हे धरूनच घ्यायचं, नाहीतर पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा साधत नाही. त्या थांब्यात दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघू लागतो. आपण वर आल्यावरही तो तासन्‌तास निघत राहतो, आणि जोराची मेहनत केली तर त्याचे अंगात घातक बुडबुडे व्हायला मदत होते. म्हणून कयाकने गाठायची जागा ठरवताना मोजायचं ते परतीचं अंतर, समोरचा वारा आणि ओहोटी धरून.