जुन्या दुनळी बंदुकांची दुरुस्ती

जुन्या दुनळी बंदुकांची दुरुस्ती : नळ्या खाली झुकवून काडतूस भरायच्या, शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेल्या जुन्या बंदुकांमधील यांत्रिक दोष ओळखून ते दूर करण्याचे काम. या बंदुका हाताने घडवलेल्या असल्याने त्यांचे सुटे भाग एकमेकींना बसत नाहीत. घासून काढलेला धातू परत येत नाही, म्हणून इथे निदान आधी आणि कानस नंतर.

बंदूक रिकामी असल्याची खात्री झाली की पहिली तपासणी बिजागरीची. नळ्यांखालच्या ठोकळ्याची अर्धगोल खाच ॲक्शनमधील, म्हणजे नळ्यांमागच्या यंत्रणेच्या सांगाड्यातील, आडव्या खिळीवर फिरते आणि ती झिजली की नळ्यांची मागची बाजू ॲक्शनच्या उभ्या भिंतीपासून सुटते. कारागीर याला ‘ऑफ फेस’ म्हणतात. पुढची लाकडी पकड, म्हणजे फोरएंड, काढल्याशिवाय ही तपासणी करू नये, कारण तिची कमान (स्प्रिंग) नळ्या दाबून धरते आणि ढिलेपणा झाकला जातो. ती काढून बंदूक बंद करावी, नळ्या हलवून पाहाव्यात, उजेडासमोर धरून फट शोधावी. फट दिसली तर गोळीबार थांबवावा : काडतुसाच्या बुडाला मागून पुरेसा आधार उरत नाही आणि झीज वेगाने वाढते.

खिळी बदलता येत असेल तर किंचित जाड खिळी बसवतात, नाहीतर खाचेवर वेल्डिंगने धातू चढवतात. मग दिव्याची काजळी लावून बंदूक मिटायची, काजळी जिथे पुसली गेली तेवढेच घासायचे, आणि सगळीकडे सारखा डाग उमटेपर्यंत हेच करत राहायचे. फटीत पत्र्याची पट्टी घालणे ही दुरुस्ती नव्हे. दोष थोड्याच दिवसांत परततो.

चापयंत्रणेचे दोष बहुधा त्यामानाने सोपे. ॲन्सन आणि डीली यांच्या १८७५ च्या बॉक्सलॉकमध्ये, म्हणजे ॲक्शनच्या आतच बसवलेल्या चापयंत्रणेत, नळ्या खाली झुकवताच आतले घोडे चढतात. चढत नसतील तर चढवणाऱ्या तरफा तपासाव्यात. बार उडत नसेल तर कमानीला दोष देण्याआधी घट्ट झालेले जुने तेल साफ करावे, मग फायरिंग पिनचे, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या खिळीचे, टोक पाहावे. एक चाप ओढताच दोन्ही नळ्या उडणे मात्र गंभीर. पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसऱ्या घोड्याची झिजलेली खाच सिअरवरून, म्हणजे चढलेला घोडा अडवून धरणाऱ्या खिटीवरून, निसटते. सिअर आणि खाच यांचे कोन चुकीचे घासले तर बंदूक हातातून पडताच उडू शकते, म्हणून हे काम अनुभवी बंदूक-कारागिराचेच.

नळ्या दोरीने टांगून लाकडी दांड्याने हलकेच टिचकावल्या की घंटेसारखा नाद येतो. बसका आवाज आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचे डाक, म्हणजे जोडणारे सोल्डर, सुटलेले असते. हे डाक कथिल-शिशाचे असल्याने अशा नळ्या गरम क्षारांच्या द्रावणात काळ्या करू नयेत; द्रावण डाक खाऊन टाकते. नळीची जाडी प्रत्येक ठिकाणी मोजावी लागते, कारण आतले गंजाचे खड्डे घोटून काढताना ती पातळ होते. दमास्कस नळ्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या नळ्या, बहुतेक काळ्या बंदुकीच्या दारूच्या (ब्लॅक पावडर) काळातल्या. त्यांच्या चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या भागाची, लांबीही अनेकदा ६५ मिमी असते, आजच्या ७० मिमीच्या काडतुसासाठी ती अपुरी.

ब्रिटनमध्ये आतला व्यास मर्यादेबाहेर वाढला की जुना प्रूफ, म्हणजे नळ्या दाब सोसतात याचा चाचणीनंतरचा अधिकृत शिक्का, रद्द ठरतो आणि विकण्यापूर्वी नळ्या लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये पुन्हा चाचणीसाठी न्याव्या लागतात.