गरोदरपणातलं बीपी : आधी ओळखायचं ते नेमकं काय?

सातव्या महिन्यात ओटी भरताना बांगड्या चढेनात, पाय सुजलेले दिसले, की घरातली म्हातारी 'होतंच असं' म्हणायची. डॉक्टर मात्र सूज फार वर्षं प्रीएक्लॅम्प्सियाच्या, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून होणाऱ्या आजाराच्या, व्याख्येतच धरत. धडधाकट गरोदर बाईचेही पाय सुजतात, म्हणून 2000च्या सुमारास ती व्याख्येतून गेली.

पणजीत वैद्यकीय शाळा निघाली 1842 साली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये, झटके येणाऱ्या गरोदर बायकांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन सापडल्याची नोंद झाली. रक्तात विष भिनत असावं या समजातून आजाराला 'टॉक्सिमिया' हे नाव रूढ झालं. विष कधी सापडलं नाही, नाव मात्र चिकटून राहिलं.

खरा गुंता लघवीतल्या प्रथिनाचा. विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 आणि त्याच्या जोडीला प्रथिन, तरच प्रीएक्लॅम्प्सिया, असा जुना नियम. 2013 मध्ये अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांनी ही अट सैल केली: प्रथिन नसलं तरी प्लेटलेट एक लाखाच्या खाली, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेलं, डोकेदुखी थांबत नाही, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही बीपीसोबत असलं तरी पुरे. निर्णय योग्यच होता, कारण लघवी स्वच्छ असतानाही झटके येतात. काहींनी पुढे बाळाची खुंटलेली वाढही त्यात धरली, काहींनी नाही. त्यामुळे 'आमची चाचणी इतके टक्के बरोबर' असं कुणी सांगितलं, की कोणत्या व्याख्येने, हे आधी विचारावं लागतं.

1974 मध्ये आजार आधीच ओळखण्यासाठी बाईला कुशीवरून उताणी करून खालचं बीपी 20 ने चढतं का ते बघायची चाचणी आली. ती फारशी टिकली नाही. ऐंशीच्या दशकात गर्भाशयाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर, आली, 2003 नंतर वारेतून रक्तात येणाऱ्या प्रथिनांकडे लक्ष गेलं. 2017 च्या एका मोठ्या चाचणीत बीपी, डॉपलर, रक्त आणि बाईचा पूर्वेतिहास एकत्र मांडून धोका असलेल्या बायका निवडल्या. त्यांना 11 ते 14 आठवड्यांत रोज रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू केलं. 37 आठवड्यांआधी बाळंत करावं लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 वर आलं. दिवस भरल्यावर होणाऱ्या प्रकारात तसा फरक दिसला नाही.

आपल्याकडे तीन महिने भरेपर्यंत बातमी बाहेर फोडत नाहीत. पणजी-मडगावात गुपित ठेवूनही सोनोग्राफी वेळेत होते. सत्तरी-काणकोणसारख्या गोव्यातल्या आडबाजूच्या तालुक्यातली एखादी पहिलटकरीण मात्र चौथा लागल्यावर केसपेपर काढते, तोवर ॲस्पिरिन सुरू करायचा चौदावा आठवडा उलटलेला असतो.